चू. भू. द्या. घ्या.

साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या पेठेतल्या एखाद्या जुन्या दुकानाचे छापील बिलबुक हाती घेतले, तर तळाशी बहुधा दोन ओळी सापडतात. एक सांगते, 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' दुसरी तिच्याहून बारीक टायपात असते : 'चू. भू. द्या. घ्या.' पहिली ओळ व्यवहाराचे दार लावून घेते, दुसरी तेच दार किलकिले ठेवते. गिऱ्हाईक त्या वाचत नाही, दुकानदारही वाचत नाही, आणि साहित्याच्या अभ्यासकांनी मजकूर म्हणून त्यांची दखल घ्यावी असे त्यांत काही आहे हे सहसा कुणाच्या मनात येत नाही. मला मात्र दुसऱ्या ओळीत एका अडचणीच्या प्रश्नाचे सूत्र दिसते. विक्रेत्याने चुकून फार कमी किंमत लावली आणि जाणत्या गिऱ्हाइकाने ती हेरून वस्तू मागितली, तर विक्रेत्याने त्या किमतीला बांधून घ्यावे का?

तूरडाळीच्या बाबतीत हा प्रश्न फार वेळ टिकत नाही. पाटीवर शंभराच्या जागी दहा लिहिले गेले, तर चूक रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसते. संग्राहकांच्या वस्तूंचे तसे नाही. जुनी नाणी, टपाल तिकिटे, दुर्मीळ पुस्तके, आणि अलीकडे खेळाडूंची किंवा पोकेमॉनची कार्डे यांच्यावर छापील किंमत नसते. त्यांची किंमत म्हणजे केवळ माहिती, आणि ती एकाकडे असते, दुसऱ्याकडे नसते. मिकी मँटल या बेसबॉलपटूचे १९५२ सालचे एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना विकले गेले. त्याच्या शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या कार्डाला चहाचेही पैसे येणार नाहीत. दोन्ही कागदाचेच तुकडे. आपल्याकडच्या स्टेशनरीच्या दुकानांत दहा-वीस रुपयांच्या पाकिटांतून पोकेमॉनची कार्डे विकली जातात. त्यांतली बहुतेक नकली असतात, तरी पोरांच्या मधल्या सुट्टीतल्या अदलाबदलीत हाच प्रश्न रोज सुटत किंवा चिघळत असतो.

कार्डांबाबतचा सर्वांत बोलका खटला अमेरिकेतला आहे. १९९० साली शिकागोजवळच्या एका गावात बारा वर्षांच्या मुलाने नोलन रायन या गोलंदाजाचे १९६८ सालचे कार्ड बारा डॉलरना विकत घेतले. कार्डावरच्या चिठ्ठीवर दुकानदाराने '१२००' लिहून पुढे एक तिरकी रेघ ओढली होती. गल्ल्यावर त्या वेळी तात्पुरती बसलेली नवखी व्यक्ती होती. तिने ते बारा असे वाचले. दुकानमालकाने दावा लावला, मुलाने मधल्या काळात ते कार्ड दुसऱ्या कार्डांच्या बदल्यात देऊनही टाकले होते, आणि शेवटी तडजोड झाली ती अशी की कार्डाचा लिलाव करून पैसे धर्मादाय कामाला द्यावेत. मुद्द्याचा निकाल लागलाच नाही. (हा दावा आपल्याकडे पहिल्याच पायरीवर अडखळला असता. मोहरी बीबीच्या १९०३ सालच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने अज्ञानाचा करार मुळातच रद्दबातल ठरवला. इथे 'अज्ञान' म्हणजे वयाने लहान. कायद्याच्या मराठीने अल्पवयाला अज्ञान हा शब्द दिला, त्यामुळे न कळणाऱ्या प्रौढ माणसासाठी तिच्याकडे शब्दच उरला नाही, असे मला कधी कधी वाटते.)

आता त्या सूत्राकडे वळतो. 'चूकभूल द्यावी घ्यावी' या वाक्यात क्षमेचा शब्द नाही. क्रियापदे देण्याची आणि घेण्याची आहेत, म्हणजे वाक्य जमाखर्चाचे आहे. बेरीज चुकून माझ्याकडे तुमचे चार आणे जास्त आले असतील तर ते मी द्यावेत, कमी आले असतील तर मागून घ्यावेत. क्रियापद विध्यर्थी आहे आणि कर्ता गाळलेला आहे. कर्ता नसल्यामुळेच ते गल्ल्याच्या दोन्ही बाजूंना सारखे लागू होते. हिंदी आणि गुजराती पेढ्यांवर हेच सूत्र घेणे आधी आणि देणे नंतर अशा क्रमाने येते, मराठीत देणे आधी येते. यावरून मराठी व्यापारी अधिक उदार असा निष्कर्ष काढायला मी धजणार नाही. इतकी वर्षे साताऱ्यात खरेदी केल्यावर तर नाहीच. पण दोन्ही क्रियांचा उल्लेख केल्याशिवाय या भाषांना चुकीविषयी बोलता आले नाही, एवढे खरे.

इंग्रजी बिलावरचे सूत्र याच जागी उभे असते, पण त्याचा अर्थ निराळा. 'ई. अँड ओ. ई.' म्हणजे चुका आणि गाळलेल्या गोष्टी वगळून. बिल लिहिणारा सांगतो की माझ्या हातून काही चुकले असेल तर मी त्याला बांधलेला नाही. चूक त्याची, सवलतही त्यालाच. समोरच्याने काय द्यावे किंवा काय घ्यावे याबद्दल त्यात अवाक्षर नाही. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला, छापील बिलबुके मागे पडून संगणकावरची बिले आली, आणि त्यांवर अक्षरी रकमेच्या ओळीत हे इंग्रजी सूत्र आपोआप उमटू लागले. दुकान तेच, मालक तोच, पण बिलावरचे दुतर्फी वाक्य जाऊन एकतर्फी वाक्य आले.

मराठी सूत्राचे दुसरे नुकसान आपण लिहिणाऱ्यांनी केले. वक्ता भाषणाच्या शेवटी, लेखक प्रस्तावनेच्या शेवटी, पत्र लिहिणारा सहीच्या वर 'चूभूद्याघ्या' लिहितो, आणि त्याला म्हणायचे असते, 'सांभाळून घ्या.' हिशेबाचे वाक्य विनयाचे झाले. विनयाचे वाक्य बोलून टाकले की जबाबदारी संपते, हिशेबाचे वाक्य लिहिले की सुरू होते. भाषेत असे बदल होतात, त्यांवर रागावण्यात अर्थ नाही. पण ज्या समाजाला हे वाक्य माफीचे वाटते, त्याला किमतीतली चूक ही कुणीतरी मोठ्या मनाने सोडून देण्याची गोष्ट वाटू लागते. कुणाचे मन मोठे असायला हवे, यावरच मग भांडण होते.

चुकीच्या हिशेबाची आपल्याकडची सर्वांत प्रसिद्ध कथा एकनाथांची. देवगिरीला जनार्दनस्वामींकडे असताना त्यांना हिशेबात एका पैची चूक आढळली, ती शोधण्यात रात्र सरली, पहाटे चूक सापडली आणि त्यांनी आनंदाने टाळी वाजवली. गुरूंनी विचारले, एका पैसाठी इतका आनंद, तर हेच चित्त परमेश्वराकडे लावलेस तर काय होईल? शाळेपासून कीर्तनापर्यंत ही कथा एकाग्रतेची कथा म्हणून सांगितली जाते. सांगणाऱ्यांना पैमध्ये रस नसतो. ती पै कुणाची होती, दिवाणाकडून कुणाला जायची होती की कुणा रयतेकडून यायची होती, आणि चूक सापडल्यावर ती तिच्या धन्याला पोचली का, हे कथा सांगत नाही, आणि शतकानुशतके ऐकणाऱ्यांनीही विचारले नाही. चूक सापडण्याचा आनंद आपण जपला. चूक परत करण्याचा तपशील कथेतून गळाला. संतकथेवर हा आक्षेप नाही, ती दुसऱ्याच गावाला निघालेली कथा आहे. पण चुकीच्या हिशेबाची आपली सर्वांत लाडकी गोष्ट देण्याघेण्यापाशी येऊन वळण घेते, ही नोंद घेण्यासारखी आहे.

कायदा वळण घेत नाही, तो उत्तर देतो. त्याचे उत्तर दोन तुकड्यांत आहे, आणि माझ्या मते त्यातला एकच पटण्यासारखा आहे.

पहिला तुकडा आकड्याच्या चुकीचा. लंडनमध्ये १९३९ साली निकाल लागलेल्या हार्टोग खटल्यात सशांच्या तीस हजार कातड्यांचा सौदा होता. बोलणी नगाच्या भावाने चालली होती, लेखी देकार मात्र चुकून पौंडाच्या भावाने गेला. एका पौंडात सुमारे तीन कातडी बसत, म्हणजे किंमत तिसऱ्या हिश्शावर आली. खरेदीदार त्याच धंद्यातला होता, त्याला चूक कळली नसेल हे न्यायालयाने मानले नाही, आणि करार झालाच नाही असे ठरवले. सिंगापूरच्या २००४ सालच्या खटल्यात तर एका दुकानाच्या संकेतस्थळावर ३,८५४ डॉलरचा छपाईयंत्राचा भाव ६६ डॉलर असा पडला होता. सहा मित्रांनी रात्री एकमेकांना उठवून त्याची १,६०६ यंत्रे मागवली. न्यायालयाने विचारले, घरात एवढी छपाईयंत्रे कुणाला लागतात? संख्या हाच त्यांच्या जाणिवेचा पुरावा ठरला, आणि पुढच्या वर्षी अपिलातही निकाल कायम राहिला.

आपला १८७२ चा करार कायदा इथे जरा ताठ आहे. एकाच पक्षाची वस्तुस्थितीबाबत चूक झाली एवढ्यावरून करार मोडता येत नाही, असे त्याचे बाविसावे कलम म्हणते. पण तेरावे कलम संमतीची व्याख्या करताना दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केलेली असावी असे सांगते. मालकाने चिठ्ठीवर बाराशे लिहिले, मुलाने बारा मोजले, तर ती एकच गोष्ट नव्हे. शिवाय दुकानात लावलेला भाव हा देकार नसून देकार मागण्याचे आमंत्रण असते, हे इंग्लंडमधल्या १९५३ च्या बूट्स खटल्यापासून कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही पाठ आहे. तेव्हा आकडा स्पष्टपणे चुकला आहे आणि गिऱ्हाइकाला ते दिसते आहे, अशा ठिकाणी विक्रेत्याने किंमत पाळलीच पाहिजे असे मला वाटत नाही. गिऱ्हाइकाने तोंड उघडावे. 'लावलेली किंमत पाळा' हा आग्रह ग्राहकहक्काच्या भाषेत धरला जातो, पण हा हक्क नव्हे. पाकीट पडताना पाहिले आणि त्यावर पाय ठेवला, त्यातलाच हा प्रकार.

दुसरा तुकडा मोलाच्या चुकीचा, आणि खरी अडचण इथे आहे. विसाव्या कलमाचे स्पष्टीकरण असे की वस्तूच्या मूल्याबद्दलचे चुकीचे मत ही वस्तुस्थितीची चूक समजायची नाही. आकडा चुकला तर कायदा ऐकून घेतो, मोल कळले नाही तर ऐकत नाही. सतराव्या कलमाखालच्या एका उदाहरणात दोन व्यापारी आहेत. एकाला भाव बदलल्याची खासगी खबर लागली आहे, आणि ती दुसऱ्याला सांगण्याचे त्याच्यावर बंधन नाही. त्याच कलमाखाली दुसरे एक उदाहरण आहे, ते मला या सबंध कायद्यातले सर्वांत मानवी वाटते. एक माणूस व्यंग असलेला घोडा विकतो आहे आणि घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे. इथे मात्र नात्यामुळे त्याने बोललेच पाहिजे. म्हणजे गप्प राहणे गैर की नाही हे वस्तूवरून ठरत नाही, समोर कोण उभे आहे यावरून ठरते. कायद्याला हे कळले होते. पण त्याने ते बाप आणि लेकीपुरते ठेवले, आणि बाकी साऱ्या जगाला दोन सारखेच तरबेज व्यापारी मानले.

याहून जुने शास्त्र या बाबतीत अधिक बारीक होते, आणि त्यासाठी सातारा जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. वाईच्या प्राज्ञपाठशाळेने तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली धर्मकोशाचे व्यवहारकांड १९३७ पासून प्रसिद्ध केले. त्यात सूत्रे, स्मृती आणि टीका यांतली वचने विषयवार लावली आहेत. खरेदी-विक्रीनंतरच्या पश्चात्तापाला तिथे 'अनुशय' म्हणतात, आणि अठरा विवादपदांत त्याला स्वतंत्र जागा आहे. मनू घेणाऱ्याला आणि विकणाऱ्याला दोघांनाही दहा दिवसांची मुदत देतो. त्यानंतर जो परत देईल किंवा परत घेईल, त्याला सहाशे पणांचा दंड. नारद वस्तूगणिक परीक्षेचा काळ ठरवतो : दुभत्या जनावराला तीन दिवस, ओझ्याच्या जनावराला पाच, मोती-हिरे-पोवळ्यांना सात, बियाण्याला दहा, लोखंडाला आणि कापडाला एक. (याच यादीत माणसांचीही मुदत दिलेली आहे, कारण माणसेही विकली जात. या ग्रंथांकडे न्यायासाठी जाताना ती ओळ गाळून वाचू नये.) नोलन रायनचे कार्ड मोत्यांच्या वर्गात टाकायचे की कापडाच्या, हा वाद रंगतदार होईल.

पण माझ्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे वचन कौटिल्याचे आहे. अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात तो मुदत वस्तूवरून न ठरवता माणसावरून ठरवतो. व्यापाऱ्यांना एक रात्र, शेतकऱ्यांना तीन, गुराख्यांना पाच. उपजीविकेचे साधन विकताना संकरजातींना आणि वरच्या वर्णांना सात. या शेवटच्या तरतुदीत वर्णव्यवस्थेचा वास आहे, तो झाकण्याचे कारण नाही. तरी पहिल्या तीन पायऱ्यांकडे पाहावे. जो रोज बाजारात बसतो त्याला चूक उमगायला एक रात्र पुरते. जो बाजाराला अधूनमधून येतो त्याला अधिक वेळ. जो गुरांमागे रानात असतो त्याला त्याहून अधिक. कौटिल्याला असेच म्हणायचे होते, असा पुरावा माझ्याकडे नाही, हे माझे वाचन आहे. पण या वाचनाने कायद्यातल्या त्या लेकीचे उदाहरण एकदम मोठे होते. बोलण्याचे बंधन आणि मोडण्याची मुदत, दोन्ही समोरच्याला किती कळते यावर बेतता येतात, असा विचार या भूमीत दोन हजार वर्षांपूर्वी झाला होता.

ही तत्त्वचर्चा शिवराईवर घासून पाहावी. शिवराई तांब्याची, एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. हे नाणे पुढे पेशवाईतही पाडले जात राहिले. दोन आडव्या रेघांची 'दुदांडी' शिवराई त्या उत्तरकाळातली, आणि ती ढिगाने सापडते. शिवकालीन शिवराईचे मोल तिच्याहून कितीतरी जास्त. दोन्हींचे तांबे सारखेच हिरवे पडते. अक्षरांचे वळण, ओळींची मांडणी आणि कडेचे ठिपके ज्याला वाचता येतात, त्यालाच फरक दिसतो. नांगरताना वर आलेली नाणी भंगाराच्या भावाने तराजूत जात. आता ती कुणा संग्राहकाच्या हाती शे-दोनशे रुपयांना पडतात. (जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक मोलाच्या ठेव्याची वर्दी कलेक्टरला देणे १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक केले आहे, शंभर वर्षांवरच्या नाण्यांचा व्यापार १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतो. संग्राहकांच्या गप्पांत हे दोन्ही कायदे फार कमी वेळा निघतात.) इथे विकणाऱ्याच्या आकड्यात चूक नाही. त्याने दोनशे म्हटले आणि त्याला दोनशेच हवे होते. चूक मोलाची आहे, आणि १८७२ च्या कायद्याप्रमाणे ती चूकच नव्हे.

संग्राहकांची यावरची बाजू मी अनेकदा ऐकली आहे आणि ती कमकुवत नाही. ते म्हणतात, हे वाचायला शिकण्यात आम्ही वीस वर्षे घातली, पदरचे पैसे घातले, दहा वेळा नकली नाणी घेऊन फसलो. आमच्या डोळ्याची किंमत त्या फरकात आहे. प्रत्येकाला आधी सांगत बसलो तर शोधायला कोण फिरेल? आणि कुणी शोधलेच नाही तर नाणे भट्टीत जाईल. हे खरे आहे. याच मुलखातल्या इतिहाससंशोधनाचा पायाच या शोधावर आहे. वाईला सापडलेल्या कागदांवर राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली काढला. मिरजेत शाळामास्तर असलेल्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' उभा केला. साताऱ्याच्या पारसनिसांचा संग्रह इतका वाढला की १९२५ साली त्याचे संग्रहालय झाले, आणि १९३९ मध्ये ते पुण्याला डेक्कन कॉलेजात गेले. हे लोक घरोघर फिरले नसते, तर कितीतरी दप्तरे वाळवीने खाल्ली असती किंवा बंबात गेली असती.

पण या परंपरेचा आधार घेणाऱ्या आजच्या संग्राहकाने तिच्यातली एक गोष्ट सोयीने विसरू नये. राजवाडे आणि खरे यांनी कागद मिळवले आणि छापले. छापल्यावर ज्या घरातून कागद आला त्या घरालाही त्याचे मोल कळले. माहितीतला फरक त्यांनी मिटवला. आज शिवराई किंवा कार्ड दोनशेला घेऊन पुढच्या आठवड्यात वीस हजाराला विकणारा तो फरक टिकवून ठेवण्यावर जगतो. दोघेही जाणते, दोघेही शोधणारे, पण एकाच्या गप्प राहण्याला मुदत आहे, दुसऱ्याच्या नाही.

रद्दीवाल्याचे मला वेगळे धरायचे आहे. 'मनोरंजन'चा १९०९ चा पहिला दिवाळी अंक रद्दीच्या ढिगात किलोच्या भावाने कुणाला मिळाला, तर त्यात रद्दीवाल्याची काही चूक झाली असे मी म्हणणार नाही. तो वजन विकतो. त्याने अंक म्हणून तो लावलेलाच नाही. निवडून बाजूला काढण्याची मेहनत त्याने हिशेबातून मुद्दाम वगळली आहे, कारण त्याला दिवसाला क्विंटलभर कागद हलवायचा असतो. तो कौटिल्याचा एका रात्रीचा माणूस आहे. त्याच्याकडून किलोच्या भावाने घ्यावे आणि निवांत झोपावे. मात्र तोच अंक ज्या घरातून निघाला, तिथे उंबऱ्यावर उभ्या बाईंनी 'यांची पुस्तकं आहेत, काय द्यायचं ते द्या' म्हटले असेल, आणि घेणाऱ्याला त्या क्षणी मुखपृष्ठ ओळखू आले असेल, तर तिथे मला दोन तरबेज व्यापारी दिसत नाहीत. तिथे करार कायद्यातला घोडा आहे आणि ती लेक आहे. फक्त नाते रक्ताचे नाही.

उलट दिशेनेही हे तपासले पाहिजे, नाहीतर देणेघेणे पुरे होत नाही. कार्डांचा मोठा व्यापारी, ज्याच्याकडे रोजचे लिलावाचे भाव पडद्यावर येतात, तो एखाद्या कार्डाला कमी भाव लावतो. आठवड्याने त्या खेळाडूचे नाव गाजते, भाव चढतो, आणि आधी नोंदलेली मागणी 'किमतीतील चुकीमुळे' रद्द झाल्याचा निरोप येतो. ही चूक नव्हे. ही मोलाची चूक आहे, तीही जाणत्याची, आणि तिच्यावर आकड्याच्या चुकीचा बुरखा घातलेला आहे. अशा विक्रेत्याने किंमत पाळलीच पाहिजे. खरी चूक ओळखण्याची कसोटी सोपी आहे : भाव चढण्याआधी, एका रात्रीच्या आत, तो बोलला का? २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनी थोडेसे याच दिशेला पाऊल टाकले आहे. दुकानाने स्वतःच्या मर्जीने मागणी रद्द करताना जो भुर्दंड स्वतः सोसला नाही, तो त्याने ग्राहकाच्या रद्द करण्यावर लावू नये, असे ते सांगतात. 'द्यावी' आणि 'घ्यावी' यांचे वजन सारखे करण्याचा हा सरकारी प्रयत्न आहे, आणि बिलबुकाच्या तळाशी ते दोन शब्द शेजारी शेजारी होतेच. खरी चूक झाली असेल आणि तीही दुकानाच्या हातून, तर निदान गिऱ्हाइकाच्या हेलपाट्याचा खर्च दुकानाने द्यावा. इंग्रजी सूत्र लावणाऱ्याला हे सुचत नाही, कारण त्याने चूक वगळलेली असते, देऊ केलेली नसते.

मला जुनी पुस्तके आणि अंक गोळा करण्याची सवय आहे, आणि ती पुष्कळदा घरांतूनच मिळतात. अशा ठिकाणी मी आधी यादी करतो, दोन प्रतींत. ज्या पुस्तकांना बाजारात मोल आहे त्यांच्यापुढे माझ्या अंदाजाने येणारी किंमत लिहितो, त्यातून मी देऊ शकतो ती रक्कम लिहितो, आणि एक प्रत त्यांच्याकडे ठेवून पुस्तके तिथेच ठेवतो. मुदत नारदाच्या मोत्यांची, सात दिवस. मुलाला किंवा पुतण्याला फोन करायला, कुणाला तरी विचारायला तेवढा वेळ लागतो. सातव्या दिवशी गेल्यावर काही घरांत पुस्तके बांधून तयार असतात. काही घरांत माझी यादी घेऊन दुसरा कुणी आधीच येऊन गेलेला असतो, माझ्याहून शंभर रुपये जास्त देऊन.